सूर्याचा वारा

दिनांक २२ जानेवारी १८९८. त्या दिवशी भरदुपारी महाराष्ट्रातील एका चिंचोळ्या पट्ट्यावर अंधार पसरला. चंद्राची सावली विजयदुर्गापाशी कोकणच्या किनाऱ्यावर उतरली, सह्याद्री ओलांडून देशावर आली आणि सोलापूर जिल्ह्यातील जेऊर या गावावरून ईशान्येकडे निघून गेली. नकाशावर विजयदुर्ग आणि जेऊर ही दोन ठिकाणे रेघेने जोडली, तर ती रेघ सातारा जिल्ह्यातील कऱ्हाडजवळून जाते. कृष्णा आणि कोयना यांचा जेथे प्रीतिसंगम होतो, त्या परिसरातही त्या दुपारी सुमारे दोन मिनिटे सूर्यबिंब पूर्णपणे झाकले गेले होते.

ही दोन मिनिटे साधण्यासाठी देशोदेशींचे शास्त्रज्ञ महाराष्ट्रात आले होते. विजयदुर्गाला इंग्लंडचे सर नॉर्मन लॉकियर यांनी आपल्या दुर्बिणी मांडल्या होत्या. जेऊरच्या माळावर अमेरिकेतील लिक वेधशाळेचे कॅम्बेल होते आणि पुण्याच्या विज्ञान महाविद्यालयातील प्राध्यापक कावसजी नाइगामवाला हेही होते. चंद्राने सूर्यबिंब झाकताच त्याच्या काळ्या तबकडीभोवती मोत्यासारखे शुभ्र तेजोवलय प्रकट होते. त्याला सूर्याचे प्रभामंडल असे म्हणतात. एरवी सूर्याच्या प्रखर तेजात ते लोपून जाते. खग्रास ग्रहणात मात्र ते डोळ्यांना दिसते. तेच पाहण्यासाठी आणि त्याची छायाचित्रे घेण्यासाठी ही मंडळी समुद्र ओलांडून आली होती.

प्रभामंडल जेथे दिसेनासे होते तेथे ते संपत नाही, ही गोष्ट मात्र त्या दिवशी कोणालाच ठाऊक नव्हती. ते अखंड वाहत असते, आणि वाहत वाहत पृथ्वीपर्यंत येऊन पोहोचते.

सूर्याच्या पृष्ठभागाचे तापमान सुमारे ५,५०० अंश सेल्सिअस असते. प्रभामंडलाचे तापमान त्याहून कितीतरी अधिक, म्हणजे १० ते २० लाख अंश असते. एवढ्या उष्णतेत वायूचे अणू अखंड राहू शकत नाहीत. ते फुटतात आणि त्यांतून प्रोटॉन व इलेक्ट्रॉन हे विद्युत्भारित कण मोकळे होतात. हे कण इतके वेगवान असतात, की सूर्याचे प्रचंड आकर्षणही त्यांना धरून ठेवू शकत नाही. ते चोहोबाजूंनी अवकाशात निघून जातात. कणांच्या या अखंड प्रवाहाला ‘सौरवात’, म्हणजेच सूर्याचा वारा, असे नाव आहे. दर सेकंदाला १० लाख टनांहून अधिक द्रव्य सूर्य अशा रीतीने उधळीत असतो. तरीही त्याच्या अफाट साठ्यात फारशी उणीव येत नाही.

या वाऱ्याचा वेग सेकंदाला साधारणपणे ३०० ते ८०० किलोमीटर असतो. साताऱ्याहून सांगली सरळ रेषेत सुमारे ११० किलोमीटर दूर आहे. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने वाहणारा सौरवात हे अंतर पाव सेकंदाहून थोड्याच अधिक वेळात तोडील. सूर्य पृथ्वीपासून १५ कोटी किलोमीटर दूर आहे. सूर्याचा प्रकाश हे अंतर आठ मिनिटांत कापतो, तर हा वारा चार दिवसांत. मात्र तो अतिशय विरळ असतो. पृथ्वीजवळ त्याच्या एका घन सेंटिमीटरमध्ये अवघे पाच-दहा कण सापडतात. त्याने झाडाचे पानही हलणार नाही. वाऱ्याचे नाव असले, तरी आपल्या वाऱ्याशी त्याचे साम्य इतकेच, की दोन्ही वाहतात.

जो वारा दिसत नाही आणि अंगाला लागत नाही, त्याचा पत्ता शास्त्रज्ञांना कसा लागला? पहिला सुगावा धूमकेतूंनी दिला. धूमकेतूला खेड्यापाड्यांतून शेंडेनक्षत्र म्हणतात. हे शेंडेनक्षत्र सूर्याकडे येत असो वा सूर्यापासून दूर जात असो, त्याचा शेंडा नेहमी सूर्याच्या विरुद्ध दिशेलाच वळलेला असतो. सूर्याकडून कणांचा काही प्रवाह येत असला पाहिजे, त्यावाचून असे घडणार नाही, असे १९५१ मध्ये जर्मन शास्त्रज्ञ लुडविग बिअरमान यांनी दाखवून दिले. पुढे १९५८ मध्ये अमेरिकेतील तरुण शास्त्रज्ञ यूजीन पार्कर यांनी गणिताने सौरवाताची उपपत्ती मांडली. त्यांचा लेख ज्या परीक्षकांकडे गेला, त्यांनी तो नाकारला. परंतु त्या नियतकालिकाचे संपादक भारतात जन्मलेले थोर शास्त्रज्ञ सुब्रह्मण्यन् चंद्रशेखर होते. त्यांनाही ही कल्पना पटली नव्हती. तथापि पार्करांच्या गणितात चूक दाखविता येत नाही, हे पाहून त्यांनी तो लेख छापला. चारच वर्षांनी, १९६२ मध्ये, शुक्राकडे निघालेल्या ‘मरिनर २’ या यानाने हा वारा प्रत्यक्ष मोजला. आपले मत बाजूला ठेवून दुसऱ्याच्या पुराव्याला वाट देणे हाही विज्ञानाचाच एक नियम आहे.

हा वारा पृथ्वीपाशी आल्यावर काय होते? होकायंत्राची सुई नेहमी उत्तर-दक्षिण राहते, कारण पृथ्वी हीच एक मोठा चुंबक आहे. तिचे चुंबकत्व अवकाशात फार दूरवर पसरलेले असून त्याच्या पोटात पृथ्वी सुरक्षित असते. सांगलीला कृष्णेवर १९२९ साली बांधलेला आयर्विन पूल आहे. पावसाळ्यात नदी दुथडी भरून वाहू लागली, की त्याच्या दगडी खांबांपाशी एक गोष्ट दिसते. पाणी खांबावर येऊन आदळते, पुढल्या अंगाला थोडे फुगते, दोन्ही बाजूंनी फाकते आणि खांबाच्या मागे पाण्याचा एक लांबट पट्टा काढून पुढे जाते. सौरवाताच्या प्रवाहात पृथ्वीचे चुंबकत्व या खांबासारखेच उभे असते. सूर्याच्या बाजूला सुमारे ६० हजार किलोमीटरवर ते या वाऱ्याला थोपविते. विरुद्ध बाजूला त्याची लांबलचक शेपटी चंद्राच्या कक्षेच्याही पलीकडे पसरलेली असते. हे कवच नसते, तर सौरवात थेट आपल्या वातावरणावर आदळत राहिला असता.

परंतु हे कवच सर्वत्र सारखे नाही. कागदाखाली चुंबक धरून वर लोखंडाचा कीस भुरभुरला, तर तो वळणदार रेषांत मांडला जातो. पृथ्वीच्या चुंबकत्वाच्याही अशाच बलरेषा असतात. विद्युत्भारित कण या रेषांच्या वाटेने सहज जातात. त्या आडव्या ओलांडणे मात्र त्यांना कठीण पडते. सातारा-सांगलीवर या बलरेषा जमिनीशी थोडासाच कोन करून उत्तरेकडे जातात. त्या जणू एकावर एक आडवे टाकलेले अडसरच होत. ध्रुवांकडे मात्र त्याच रेषा जवळजवळ उभ्या होऊन थेट जमिनीत उतरतात. म्हणून पृथ्वीच्या किल्ल्याचे दरवाजे ध्रुवांकडे आहेत.

सौरवातातील कण या दरवाजांतून सरळ आत येतात असे मात्र नव्हे. सौरवात आपल्याबरोबर सूर्याचे चुंबकत्वही ओढून आणतो. त्याची दिशा पृथ्वीच्या चुंबकत्वाच्या उलट असली, म्हणजे दोहोंच्या रेषा एकमेकींना जोडल्या जातात आणि वाऱ्याची शक्ती कवचात शिरते. कवचाची शेपटी त्यामुळे अधिकाधिक ताणली जाते. बेचकीचे रबर ताणून सोडावे, त्याप्रमाणे हा ताण एकाएकी सुटतो. मग शेपटीत साठलेले कण पृथ्वीकडे फेकले जातात. वाटेत त्यांचा वेग वाढत जातो आणि बलरेषांच्या वाटेने ते ध्रुवप्रदेशाच्या उच्च वातावरणात कोसळतात.

तेथे जे दृश्य निर्माण होते, त्याला ध्रुवप्रकाश म्हणतात. हा प्रकाश साधारणपणे १०० किलोमीटर उंचीपासून वर दिसतो. साताऱ्याहून सांगली जितकी दूर आहे, जवळजवळ तितक्याच उंचीवर त्याचा खालचा काठ असतो. तेथे हवा अत्यंत विरळ असते. नळीतील विरळ वायूतून वीज सोडली, म्हणजे तो वायू उजळतो. दुकानांवरील रंगीत दिव्यांच्या नळ्या अशाच पेटतात. ध्रुवाकडे तीच क्रिया उघड्या आकाशात चालते. वरून आलेले इलेक्ट्रॉन हवेच्या कणांवर आदळतात आणि ते कण मिळालेली शक्ती प्रकाशाच्या रूपाने परत देतात. शंभर-दीडशे किलोमीटर उंचीवर प्राणवायूचे अणू हिरवा प्रकाश देतात. दोनशे किलोमीटरच्या वर त्याच प्राणवायूचा रंग लाल होतो. सर्वांत खालच्या काठाला नायट्रोजन निळी-जांभळी किनार लावतो. वाऱ्याने पडदे हलावेत तसे हे रंगीत पट्टे आकाशात हेलकावे घेतात.

हा प्रकाश ध्रुवावर एका जागी नसतो. चुंबकीय ध्रुवाभोवती त्याचे मोठे कडे असते. नॉर्वे, आइसलँड, कॅनडा, अलास्का हे प्रदेश उत्तरेकडील कड्याखाली येतात. दक्षिणेकडचे कडे अंटार्क्टिकाभोवती असते. तेथे भारताची ‘मैत्री’ आणि ‘भारती’ ही संशोधन केंद्रे आहेत. ‘मैत्री’ १९८९ मध्ये, तर ‘भारती’ २०१२ मध्ये सुरू झाले. हिवाळ्यातील दीर्घ रात्री तेथे राहणाऱ्या भारतीय शास्त्रज्ञांनी ध्रुवप्रकाश प्रत्यक्ष पाहिला आहे आणि त्याचे वेध घेतले आहेत.

ध्रुवप्रकाश डोळ्यांना भुरळ घालतो. पण तो सौरवाताच्या कार्याचा दिसणारा भाग आहे, सगळे कार्य नव्हे. ज्या उंचीवर हा प्रकाश दिसतो, त्याच उंचीवर लाखो अँपिअरचे विद्युत्प्रवाह वाहू लागतात. विजेच्या शेगडीची तार जशी तापते, तशी तेथील विरळ हवा तापते. तापलेली हवा फुगते आणि वर चढते. त्यामुळे ज्या उंचीवरून कृत्रिम उपग्रह फिरतात, तेथे हवा एरवीपेक्षा दाट होते. ती उपग्रहांचा वेग खाते आणि ते खाली येऊ लागतात. फेब्रुवारी १९२२ नव्हे, तर अगदी अलीकडे, फेब्रुवारी २०२२ मध्ये, एका मध्यम प्रतीच्या चुंबकीय वादळात नुकतेच सोडलेले जवळजवळ ४० उपग्रह याच कारणाने जळून गेले. ध्रुवप्रदेशावरून जाणाऱ्या विमानांचा बिनतारी संपर्कही अशा वेळी तुटतो.

ध्रुवाकडे उठलेली ही खळबळ तेथेच शमत नाही. तळ्याच्या एका काठाला दगड टाकला, म्हणजे लाट दुसऱ्या काठापर्यंत जाते. तापलेल्या हवेच्या लाटाही ध्रुवाकडून निघून काही तासांत विषुववृत्ताकडे पोहोचतात. वाटेत त्या आयनांबर हलवितात. आयनांबर म्हणजे विद्युत्भारित कणांचा थर. तो सुमारे ६० किलोमीटर उंचीपासून वर कित्येक शे किलोमीटरपर्यंत पसरलेला आहे. सांगलीला आकाशवाणीचे केंद्र आहे. ज्या घरांतून मध्यम लहरींचा रेडिओ असे, तेथे एक अनुभव नेहमी येई. दिवसा फक्त जवळची केंद्रे ऐकू येत. रात्र झाली, की दूरदूरची केंद्रेही लागत. याचे कारण आयनांबर होय. त्याचा सर्वांत खालचा थर दिवसा या लहरी शोषून घेतो. रात्री तो थर नाहीसा होतो, आणि वरच्या थरावरून परतलेल्या लहरी दूरच्या गावी जाऊन पोहोचतात.

या उंच हवेचा अभ्यास सातारा-सांगलीच्या शेजारीच होतो. विसाव्या शतकाच्या अखेरीस भारतीय भूचुंबकत्व संस्थेने कोल्हापूरला शिवाजी विद्यापीठाच्या आवारात एक रडार उभारले. सत्तर-ऐंशी किलोमीटरपासून जवळजवळ शंभर किलोमीटर उंचीपर्यंतचे वारे मोजण्याचे काम त्याने केले. पन्हाळ्यावरूनही रात्रीच्या आकाशातील मंद उजेडाची छायाचित्रे घेऊन उंच हवेतील लाटा अभ्यासल्या गेल्या.

सूर्याच्या या वाऱ्याची महाराष्ट्रातील सर्वांत मोलाची नोंद मात्र याहून पुष्कळ जुनी आहे. मुंबईत कुलाब्याच्या वेधशाळेत १८४१ पासून पृथ्वीच्या चुंबकत्वाचे वेध घेतले जात होते. नेमलेल्या वेळी निरीक्षक उपकरणापाशी जाई, टांगलेल्या चुंबकाची जागा दुर्बिणीतून पाही आणि आकडा वहीत लिही. दिवस असो वा रात्र, उन्हाळा असो वा पावसाळा, हे काम चुकत नसे. तेच ते आकडे, तीच ती वही. या कामातून पुढे काय निष्पन्न होणार, हे लिहिणाऱ्याला सांगता आले नसते.

१ सप्टेंबर १८५९ रोजी इंग्लंडमध्ये रिचर्ड कॅरिंग्टन सौर डागांचे चित्र काढीत होते. एकाएकी डागांच्या समूहात त्यांना डोळे दिपविणारी चमक दिसली. सुमारे साडेसतरा तासांनंतर पृथ्वीवर प्रचंड चुंबकीय वादळ उठले. सौरवाताला एरवी लागणारे चार दिवस या झोताला लागले नाहीत. एरवी ध्रुवांकडे दिसणारा प्रकाश क्यूबासारख्या उष्ण बेटावर दिसला. युरोपात व अमेरिकेत तारायंत्रांतून ठिणग्या उडाल्या. काही ठिकाणी बॅटरी काढून टाकल्यावरही तारांतून संदेश जात राहिले. मुंबईत तेव्हा २ सप्टेंबरची सकाळ होती. कुलाब्याचा निरीक्षक नेहमीप्रमाणे उपकरणापाशी होता. पृथ्वीच्या चुंबकत्वाचा जोर सुमारे १,६०० नॅनोटेस्लांनी खाली गेल्याचे आकडे त्या दिवशी वहीत उतरले. साध्या मोठ्या वादळात ही घट काही शे नॅनोटेस्लांच्या पलीकडे क्वचितच जाते. त्या नोंदींचा पूर्ण अर्थ १४४ वर्षांनंतर उलगडला. २००३ मध्ये गुरबक्ष लखिना या भारतीय शास्त्रज्ञांनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी त्या जुन्या आकड्यांवरून त्या महावादळाचे मोजमाप जगापुढे ठेवले.

पुढे मुंबईत विजेच्या ट्रामगाड्या येणार असे ठरले, तेव्हा या नोंदींवर संकट आले. ट्रामच्या विद्युत्प्रवाहाने नाजूक चुंबक बिघडले असते. त्या वेळी कुलाबा वेधशाळेचे संचालक नानाभाई मूस होते. त्यांनी समुद्रापलीकडे अलिबागला नवी वेधशाळा उभारविली. तिच्या बांधकामात लोखंड येऊ नये, याची काळजी घेतली गेली. १९०४ मध्ये अलिबागचे काम सुरू झाले. लगेच कुलाबा बंद करण्यात आले नाही. १९०६ पर्यंत दोन्हीकडे वेध चालू ठेवले गेले, म्हणजे जुन्या आणि नव्या आकड्यांचा सांधा नीट जुळावा. म्हणूनच ही माळ तुटली नाही.

आज या माळेची गरज पूर्वीपेक्षा अधिक आहे. १३ मार्च १९८९ रोजी चुंबकीय वादळाने कॅनडातील क्वेबेक प्रांताची वीज बंद पडली आणि सुमारे ६० लाख लोक नऊ तास अंधारात राहिले. कोयनेच्या वीजगृहातून निघणाऱ्या तारा ध्रुवांपासून दूर आहेत, त्यामुळे त्यांना असा धोका पुष्कळ कमी आहे. परंतु हवामानाची वार्ता देणारे, जहाजांना वाट दाखविणारे आणि दूरध्वनी जोडणारे उपग्रह सर्वांचेच आहेत. १० आणि ११ मे २०२४ च्या रात्री मोठे वादळ झाले, तेव्हा लडाखमधील हानले येथील वेधशाळेच्या कॅमेऱ्यांनी भारताच्याच आकाशात लाल आभा टिपली.

अशा वादळांची आगाऊ वर्दी मिळावी, म्हणून भारताने २ सप्टेंबर २०२३ रोजी ‘आदित्य एल-१’ हे यान सोडले. ६ जानेवारी २०२४ रोजी ते पृथ्वीपासून १५ लाख किलोमीटर अंतरावर आपल्या जागी पोहोचले. त्यावरील एक दुर्बीण पुण्याच्या आयुका या संस्थेत घडविली गेली. सेकंदाला ४०० किलोमीटर वेगाने वाहणारा वारा त्या यानाला लागल्यावर पृथ्वीपाशी येण्यास साधारण एक तास लागतो. वादळाचा वेग अधिक असेल, तर हा अवधी आणखी कमी होतो. एवढ्या वेळात वीजकेंद्रांना आणि उपग्रह सांभाळणाऱ्यांना सावध करता येते. प्रभामंडल पाहण्यासाठी या यानाला ग्रहणाची वाटही पाहावी लागत नाही. त्यावरील एका उपकरणात चंद्राचे काम करणारी योजना सूर्यबिंबाचे प्रखर तेज दूर ठेवते.

कऱ्हाडवर सव्वाशे वर्षांपूर्वी जे तेजोवलय दोन मिनिटे दिसले, ते आता असे नित्य पाहता येते. परंतु आजच्या वादळाचा अंदाज करताना शास्त्रज्ञ अजूनही १८५९ च्या त्या आकड्यांकडे वळतात. ते आकडे लिहिणाऱ्याने सौरवात हे नावही ऐकले नव्हते. आपल्या पाळीच्या वेळी जे दिसले, ते त्याने खरेपणाने लिहून ठेवले, एवढेच. विज्ञानाची इमारत अशा खऱ्या नोंदींवरच उभी राहते.